तिसरा व्हॉल्व्ह उलटा फिरतो

मंगळवार, ९ एप्रिल

कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, "पाझीनला नोटरीकडे जाऊन दोन कागद वाचून सह्या केल्या." हे खरं नाही. सह्या दोन केल्या, वाचला एकच. पहिला कागद म्हणजे तरणतलावासाठी पाण्याचा वेगळा मीटर बसवायला घराच्या दोन्ही मालकांची संमती. तो मी वाचला. दुसरं त्याचंच जोडपत्र आहे, असं आत्या म्हणाली. ते तिने काउंटरवर धरून ठेवलं होतं आणि मजकुरावर तिचा हात होता. "वाचायचंय का तुला?" असं तिने विचारलं, हेही लिहायला हवं. मी नको म्हणाले. मागे रांग होती, आणि रांगेतली एक बाई रडणारं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती.

एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी पान खर्च करणार नाही. पण मला लिहायला आत्यानेच शिकवलं आणि तिचा नियम असा, की खोटं वाक्य तसंच ठेवून पुढचं लिहायचं नाही. जन्मापासून माझा डावा खुबा सांध्यात नीट बसत नव्हता. पहिली तीन वर्षं माझी शाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल आणि मास्तरीण म्हणजे नेरिनाआत्या. पाय पट्ट्यांत बांधलेला, समोर पाटी. "आलिदा, शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचं, मग तोंड उघडायचं." चौथीत गावच्या शाळेत गेले तेव्हा बाकीची मुलं अर्ध्या वाक्यात हात वर करायची. मला ते फार असभ्य वाटायचं.

तर दुरुस्ती झाली. उद्या तलावावरचं झाकण काढायचं.

शुक्रवार, १२ एप्रिल

दोन दिवस दक्षिणेचा ओला वारा होता, म्हणून झाकण आज निघालं. बेपोकाका सकाळी सातला आला. गावातल्या अकरा तलावांची देखभाल तो करतो आणि उरलेल्या वेळात गावच्या अग्निशमन दलाचा टँकरही चालवतो. झाकणावर हिवाळाभराचं पावसाचं पाणी, ओकची पानं आणि एक बेडूक.

"हा यंदाचा पहिला पाहुणा," काका म्हणाला. "याच्याकडून आगाऊ बुकिंग घेतलंस का?"

"आत्या घेते बुकिंग."

"मग हा फुकट राहणार. नेरिनाला जर्मनांशिवाय दुसऱ्यांशी बोलता येत नाही."

बेडकाला बादलीतून पावसाच्या पाण्याच्या जुन्या टाक्याकडे नेऊन सोडलं. झाकणाखालचं पाणी पालकाच्या सुपासारखं. मी घाबरले, दर वर्षी घाबरते. काका म्हणतो, हिरवं पाणी म्हणजे आजार नव्हे, नुसतं न धुतलेलं तोंड. तलाव पूर्ण उपसायचा नाही, हे मात्र त्याने याही वर्षी दोनदा बजावलं. आमची लाल माती पावसाचं पाणी मेपर्यंत पोटात धरून ठेवते. वरून वजन काढलं की खालचं पाणी अख्खा तलाव उचलून फोडतं. म्हणून अर्धंच पाणी काढायचं, भिंती घासायच्या आणि वरून भरायचं.

उपसण्यासाठी पंपघरातला तिसरा व्हॉल्व्ह. तो नोनोने, म्हणजे माझ्या आजोबांनी, उलटा बसवला आहे. 'बंद' लिहिलंय तिकडे फिरवला की उघडतो आणि तलावाचं पाणी खालच्या द्राक्षमळ्यात जातं. काका म्हणाला, "तुझा नोनो गेला, पण त्याच्या व्हॉल्व्हसाठी अख्ख्या गावाला अजून डोकं उलटं करून उभं राहावं लागतं."

मी हसले आणि मग थोडी रडले. नोव्हेंबरमध्ये गेला तो. हा तलाव त्याने माझ्यासाठी खणला होता. डॉक्टर म्हणाले, हिला पोहायला लावा. समुद्र चाळीस किलोमीटर. त्याने मळ्याच्या कडेच्या वेलींच्या चार ओळी उपटल्या आणि खणायला लागला. पाहुण्यांना घर भाड्याने द्यायचं पुढे आत्याने सुरू केलं. त्याने मृत्युपत्रात अर्धं घर तिला दिलं, अर्धं मला. माझे बाबा मी पाच वर्षांची असताना गेले आणि आई दुसरं लग्न करून श्टुटगार्टला असते. त्यामुळे माझ्या वाट्याला जे काही माणूस म्हणून आहे ते आत्या, आणि जे घर म्हणून आहे ते हे.

मंगळवार, १६ एप्रिल

भिंती घासून झाल्या. खुबा दुखतोय. पण खरी काळजी वेगळी: पाणी उतरतंय. कालपासून आजपर्यंत दोन बोटं.

वाऱ्याने उडालं असेल, म्हणून बादलीची परीक्षा लावली. तलावाच्या पायरीवर बादली ठेवायची, आत-बाहेर पाणी सारख्या उंचीचं ठेवायचं आणि दोन्हीकडे खूण करायची. बादलीतलं पाणी उन्हा-वाऱ्याने जेवढं उतरेल तेवढंच तलावातलं उतरायला हवं. जास्त उतरलं तर तलाव फुटका.

गुरुवार, १८ एप्रिल

बादली अर्धं बोट. तलाव अडीच बोटं. झोप नाही.

शनिवार, २० एप्रिल

सापडलं! बेपोकाकाने सांगितलं, पंप बंद कर, पाणी स्थिर होऊ दे आणि जिथे शंका येईल तिथे रंगाचा थेंब सोड. रंग कुठून आणायचा? मी आत्याच्या कपाटातली तिची जुनी लाल शाई घेतली. आता वह्या तपासायच्या नसतात, तरी ती बाटली ठेवून आहे. तिला विचारून घेतली.

पाण्यातल्या दिव्याजवळ थेंब सोडला. बाकी सगळीकडे तो ढगासारखा पसरत होता. इथे मात्र बारीक रेघ झाली आणि दिव्याच्या खोबणीत शिरली, कोणी आतून ओढून घ्यावं तशी. मी बघत राहिले. काकाने तिथे पाण्याखाली घट्ट होणारं लुकण भरलं.

"टिकेल?" मी विचारलं.

"एक उन्हाळा टिकेल. पुढच्या वर्षी दिवा काढून नीट करावं लागेल. तेव्हा बघतील."

"बघू," मी म्हणाले. काकाने माझ्याकडे पाहिलं आणि हत्यारं पुसायला लागला.

रविवार, २१ एप्रिल

आज फार आनंदाचा दिवस.

चर्चहून येताना आत्या आणि मी टेकडीवरची रानशतावरी खुडली. घरी आल्यावर तिने अंडी फोडली, मी देठ मोडले. तेव्हा ती म्हणाली, "आलिदा, तू तलावाची एक वही कर. सगळं लिही. कुठला पंप, कुठला व्हॉल्व्ह, किती औषध, कधी. असं लिही की ज्याने तलाव कधी पाहिलासुद्धा नाही, त्याला एकट्याने सांभाळता यायला हवा."

"पण सांभाळते तर मी."

"तू कधी आजारी पडलीस तर? मला काय येतंय त्यातलं? आणि तुझ्यासारखं अक्षर आहे कुणाचं घरात!"

घरात आम्ही दोघीच आहोत, पण तिने असं कौतुक करून किती वर्षं झाली. मी लगेच रेघी वही काढली.

जेवताना ती असंही म्हणाली, की रियेका शहरात बारमाही बंद तलाव आहे, गरम पाण्याचा. "हिवाळ्यात सहा महिने तुझा खुबा गंजतो. तिथे रोज पोहता येईल." बहुतेक मला उपचारासाठी पाठवायचं तिच्या मनात आहे. मी म्हटलं, हंगाम संपल्यावर ऑक्टोबरमध्ये बघू. तिने माझ्या ताटात आणखी आमलेट वाढलं. तिला बरं वाटत नसावं, स्वतः काहीच खाल्लं नाही.

शनिवार, २७ एप्रिल

ग्राझहून एक जोडपं आलं होतं, श्री. आणि सौ. पिख्लर. आत्या म्हणाली, जूनचे पाहुणे आहेत, आधी घर बघून जायचंय त्यांना. इतकी चौकस माणसं मी पाहिली नाहीत. साहेबांकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल ठिपका टाकून अंतर मोजायचं यंत्र होतं. त्यांनी छप्पर कधी शाकारलं विचारलं, माळ्यावर चढले, टाक्यात दगड टाकून खोली पाहिली. बाईंनी विचारलं, डिसेंबरमध्ये स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं?

डिसेंबरचं ऊन जूनच्या पाहुण्यांना कशाला हवं, असं मनात आलं. पण चौकस माणसं चांगली. निष्काळजी माणसं टॉवेल तलावात टाकतात.

पंपघर मी दाखवलं. मला जर्मन येत नाही, म्हणून इटालियनमध्ये बोलावं लागलं, साहेब हळूहळू समजून घेत होते. त्यांना मी वहीबद्दल सांगितलं. "अरे वा," ते आत्याकडे बघत म्हणाले, "वहीसुद्धा मिळणार?"

"माझ्या भाचीचं काम असं असतं," आत्या म्हणाली.

शुक्रवार, ३ मे

टँकर आला. दर वर्षी अग्निशमन दलाचा टँकर तलाव भरून देतो आणि त्या दिवशी टँकरवाल्यांना शतावरीचं आमलेट आणि घरची पांढरी वाइन द्यायची, ही नोनोच्या आधीपासूनची रीत. तलाव व्हायच्या आधी टाकं भरायचे, एवढाच फरक. यंदा काका एकटाच होता. त्याने नळी तलावात सोडली, ती सापासारखी उसळली आणि मी बाजूला झाले.

तो एरवी दोन पेले पितो आणि आत्याला टोमणे मारतो. आज एकच प्यायला आणि पेल्यातच बघत बसला.

"काय रे बेपो, वाइन आंबट झाली का?" आत्या म्हणाली.

"वाइन नाही झाली."

"मग तोंड का असं?"

"इतक्या वर्षांत या टेबलावर मी किती आमलेटं खाल्ली त्याचा हिशेब करतोय. शेवटचं कुठलं ते माणसाला माहीत असावं, नेरिना. म्हणजे नीट चावून खाता येतं."

आत्या उठून भांडी घासायला लागली. काकाला दल सोडायचं असेल. त्याचे गुडघे गेलेत. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "काका, निवृत्त झालास तरी आमलेट खायला येत जा." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि टँकरवर चढला.

बुधवार, ८ मे

पीएच ७.८. आमच्या दगडातून येणारं पाणी जडच. आम्ल घातलं. संध्याकाळी ७.४.

वही पूर्ण झाली, एकतीस पानं. आत्याला वाचायला दिली. ती चष्मा लावून टेबलाशी बसली, हातात लाल पेन्सिल. मी समोर उभी. मी सात वर्षांची असल्यासारखी हातांची बोटं मोजत होते.

तिने शुद्धलेखनाची एकच चूक काढली. पण दोन जागा पूर्ण खोडल्या. एक, दिव्याजवळच्या गळतीची. दुसरी, "तिसरा व्हॉल्व्ह आजोबांनी उलटा बसवला आहे, 'बंद'कडे फिरवल्यास उघडतो."

"ही का खोडलीस?"

"घरची उणीदुणी लिहायची नसतात, आलिदा. वहीत काय करायचं तेवढं लिही."

"पण हे न लिहिता कोणी फिरवला तर रात्रीत सगळं पाणी मळ्यात जाईल. पंप कोरडा जळेल."

"तू आहेस ना सांगायला."

हे पटलं. मी आहेच सांगायला. मग वही कुणासाठी, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण तो उद्धट वाटला, म्हणून विचारला नाही. दोन्ही जागा सोडून वही पुन्हा सुवाच्य उतरवली. ती आत्याने तिच्या खोलीत नेली.

मंगळवार, १४ मे

पाणी निवळलं. सकाळी तळाशी पडलेलं नाणं छापा की काटा ते वरून ओळखता आलं. ही नोनोची कसोटी. पाणी एकोणीस अंश. तरी उतरले.

पहिले दोन हात मारताना सांधा कुरकुरला, मग सुटला. पाण्यात मी लंगडत नाही. पाठीवर पडून घराकडे पाहिलं. वरच्या खिडकीत आत्या उभी होती. मी हात केला. तिने केला नाही, पडदा सरकवला. उन्हामुळे दिसले नसेन.

सोमवार, २० मे

पिख्लर पुन्हा आले. या वेळी बाई माझ्याशी बोलल्या. आधी वही फार सुंदर आहे म्हणाल्या. आत्याने दाखवली असावी. मग त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्ही आता राहायला कुठे जाणार?"

"खालच्या खोलीत," मी म्हणाले. पाहुणे आले की आम्ही दर वर्षी जुन्या वाइनच्या कोठीत मुक्काम हलवतो. "तिथे उन्हाळ्यात गार असतं."

बाईंचा चेहरा गोंधळला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आत्याने लगेच कॉफीला हाक मारली.

माझ्या इटालियनमध्ये काहीतरी चुकलं असेल. दिवसभर तेच वाक्य घोळवते आहे. व्याकरण बरोबर होतं.

आणखी काही काळज्या, क्रमाने नाहीत: एक जूनपासून हंगाम आणि आत्याने अजून साबणाच्या वड्या मागवलेल्या नाहीत. विचारलं तर म्हणते, बघू. वरच्या कपाटातली चांगली काचेची भांडी जागेवर नाहीत. वर्तमानपत्रांचा गठ्ठा संपलाय. आणि तो तिसरा व्हॉल्व्ह. पिख्लरसाहेब स्वतः पंपघरात जाणारे गृहस्थ आहेत. ते नक्की हात लावणार. वहीत लिहिलेलं नाही आणि मी त्या क्षणी तिथे नसले तर? न लिहिलेलं हेही एक प्रकारचं खोटंच. आत्याकडे वही मागितली. म्हणाली, सापडत नाहीये, नंतर देते. आत्याच्या वस्तू कधी हरवत नाहीत.

गुरुवार, २३ मे

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी बेपोकाकाच्या घरी गेले. तो अंगणात नळ्या गुंडाळत होता. मी म्हणाले, "काका, पाहुण्यांनी तुला कधी तलावाचं विचारलं तर तिसऱ्या व्हॉल्व्हचं आठवणीने सांग. वहीत ते राहिलंय."

"सांगितलं मी कधीच. ते वही घेऊनच आले होते माझ्याकडे सोमवारी. म्हणाले, एवढं सगळं लिहिलंय, पण या तीन नंबरचं चित्र आहे आणि मजकूर नाही. मी म्हटलं, तो आमच्या म्हाताऱ्याचा विनोद आहे, उलटा फिरवा."

"वही त्यांच्याकडे आहे?"

"मग? त्यांच्याकडे नसणार तर कुणाकडे? वर्षभराच्या देखभालीचं ठरवायला आले होते. मालक झाल्यावर…"

तो थांबला. नळी त्याच्या हातातून सुटली आणि आपोआप उलगडत गेली.

"आलिदा," तो म्हणाला. "तुला माहीत नाही?"

"काय?"

"अगं, तुझी सही आहे म्हणाली नेरिना. मी विचारलं तिला. मी म्हटलं, पोरगी तयार आहे का? ती म्हणाली, सही केली तिने, तिलाही शहरातच जायचंय. तू इतकी शांतपणे भिंती घासत होतीस की मला वाटलं… मला वाटलं, किती समजूतदार पोरगी आहे."

"कधी आहे?"

"एकतीसला, शुक्रवारी. दहाला विक्रीच्या सह्या." तो खाली बसला. "मी तुला विचारायला हवं होतं. दर वेळी वाटायचं, विचारलं तर रडेल. म्हणून आमलेट खाल्लं आणि गेलो."

मी रडले नाही. नळी गुंडाळायला त्याला मदत केली. मग घरी येऊन पाणी तपासलं, कारण गुरुवार होता.

शुक्रवार, २४ मे

एकच्या बसने पाझीनला. नोटरीच्या कार्यालयातल्या बाईंनी माझं ओळखपत्र पाहून दुसऱ्या कागदाची प्रत दिली. तिथेच उभी राहून वाचला, शेवटच्या टिंबापर्यंत.

मीटरचं जोडपत्र नाही. ते मुखत्यारपत्र आहे. माझ्या अर्ध्या हिश्श्याची विक्री करायचा, किंमत ठरवायचा, करारावर सही करायचा, ताबा द्यायचा अधिकार मी नेरिनाआत्याला देते. खाली माझी सही. अक्षर चांगलं आलंय.

"हे माझ्यासमोर कोणी वाचून दाखवलं नाही," मी म्हणाले.

"बाळ, आम्ही शिक्का सहीवर मारतो. मजकूर वाचायचा तो सही करणाऱ्याने," बाई म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांचं खरं होतं. मी विचारलं, हे मागे घेता येतं का? म्हणाल्या, विक्रीच्या करारावर सही होण्याआधी कधीही. रद्द करायचा कागद करायचा आणि तो आत्याला आणि घेणाऱ्याला पोचवायचा. पण नोटरीबाई आज निघून गेल्या होत्या. सोमवार-मंगळवार त्या बाहेरगावी. "बुधवारी आठला उघडू. गुरुवारी सुट्टी आहे, लक्षात ठेवा."

परतीच्या बसमध्ये पुन्हा आठवलं, की आत्याने "वाचायचंय का तुला?" विचारलं होतं.

शनिवार, २५ मे

एक दुरुस्ती. नऊ एप्रिलच्या नोंदीत मी लिहिलंय की आत्याने विचारलं, मी नको म्हणाले. ते खरं आहे, पण पुरतं नाही. तिने विचारलं तेव्हा पेन माझ्या बोटांत आधीच दिलेलं होतं, आणि विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत होती. शिवाय मी नको म्हणाले ते रांगेमुळे किंवा त्या बाळामुळे नाही. तिच्यासमोर तिचाच कागद वाचणं मला अपमान वाटला असता. तिचा.

सगळं मागे जाऊन वाचलं. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. डिसेंबरचं ऊन. काचेची भांडी. "तेव्हा बघतील." प्रत्येक ओळ मी नीट, तारीख घालून लिहिली आणि एकही वाचली नाही.

रात्रीच्या जेवणाला आत्याने बटाट्याचे गोळे केले, मला आवडतात म्हणून. म्हणाली, "गप्प का आहेस?"

"पीएच वाढलाय."

हे खोटं आहे. पीएच ७.२ होता.

ती म्हणाली, "फार मनाला लावून घेतेस तू. पाणीच आहे." मग थोड्या वेळाने, "तू लहान असताना रोज रात्री तुझा पाय मी बांधायचे. तू ओरडायचीस, माझा पाय सोड, माझा पाय आहे. मी बांधायचेच. तुझ्या भल्याचं होतं. आज चालतेस ना?"

"चालते," मी म्हणाले.

"मग," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता सांगेल. मी चमचा खाली ठेवून वाट पाहिली. तिने टेबल पुसलं.

रविवार, २६ मे

काय करू शकते ते लिहिते.

पंपघरात जाऊन तिसरा व्हॉल्व्ह 'बंद'कडे फिरवू शकते. सकाळपर्यंत तलाव रिकामा होईल, लाल माती अजून ओली आहे, बहुतेक फुटेलही. मग कोणी घेणार नाही. आज संध्याकाळी मी हात लावून उभी होते. व्हॉल्व्ह थंड होता. नोनोने खणलेला आहे. नाही.

पिख्लरबाईंना पत्र लिहू शकते. लिहिणार आहे, पण नंतर. त्यांनी काही केलेलं नाही. मी कुठे जाणार हे विचारणाऱ्या या सगळ्यात त्या एकट्याच.

आत्याला आज सांगू शकते. सगळ्यात बरोबर तेच, कारण पाठीमागून करायचं ते तिने केलं, मी कशाला करू? दुपारी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. आत कात्रीचा आणि खोक्याला चिकटपट्टी लावायचा आवाज येत होता. पण ती उद्याच पिख्लरना बोलावून सही उरकेल, ही भीती आहे. तिच्याबद्दल अशी भीती मला वाटते, हे लिहिताना हात थांबला. तरी खरं आहे म्हणून राहू देते.

म्हणून आधी करणार, मग सांगणार. लपवणार नाही. रद्दपत्राची प्रत घेऊन घरी येईन, तिला स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसवीन आणि पहिल्या शब्दापासून वाचून दाखवीन. हात मजकुरावर न ठेवता. ती घर सोडून जाईल, किंवा माझ्याशी कधीच बोलणार नाही, किंवा रडेल. ती रडली तर मी काय करीन ते मला माहीत नाही. दिव्याचं लुकण एक उन्हाळा टिकेल. तेवढा वेळ माझ्याकडे आहे.

उद्या-परवा पाणी नेहमीसारखं तपासायचं. न सांभाळलेलं पाणी तीन दिवसांत हिरवं होतं.

पहिली बस सव्वासातची. बुधवार, २९ मे, सकाळी आठ. आधी वाचणार, मग सही.